दोष जातीचा की धन्याचा?

आमच्या वाचकांना हा विषय पाहून थोडे नवल वाटेल. नामाचा महिमा, संतांची चरित्रे, वारीचे नियम हे सोडून या पानांवर कुत्र्यांचा कायदा कोठून आला, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. परंतु या कायद्याच्या पोटात जो प्रश्न दडला आहे तो वारकऱ्यांच्या दारात फार पूर्वीपासून उभा आहे. एखाद्या जीवाला त्याने काय केले हे न पाहता, तो कोणत्या जातीत जन्मला एवढ्यावरून दोषी ठरवावे काय? हा प्रश्न सोडवताना दया कोठवर चालते आणि दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोठे सुरू होते, हेही पाहावे लागते. म्हणून आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

आधी घडले काय ते सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयात हिंस्र कुत्र्यांवर बंदी घालावी अशी मागणी गेली होती. न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला त्यावर तीन महिन्यांत निर्णय करण्यास सांगितले. त्यावरून १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने सर्व राज्यांना एक पत्र धाडले. पिटबुल, रॉटवायलर, टोसा, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो वगैरे २३ प्रकारची कुत्री माणसाच्या जिवाला धोक्याची आहेत, त्यांच्या पैदाशीला व विक्रीला स्थानिक संस्थांनी परवाने देऊ नयेत, आणि जी आधीच घरोघरी आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र सर्व राज्यांना होते, म्हणजे आमच्या नांदेड-वाघाळा आणि लातूर महानगरपालिकांनाही ते लागू पडणार होते.

हे पत्र महिनाभरसुद्धा टिकले नाही. १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. ज्यांचा या गोष्टीशी संबंध आहे त्यांचे म्हणणे ऐकून न घेता असा हुकूम काढता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्याच महिन्यात दिल्लीतही पत्र मागे पडले आणि आधी लोकांच्या हरकती ऐका, मग ठरवा, असे सरकारला सांगण्यात आले.

कागद रद्द झाला, पण प्रश्न काही रद्द झाला नाही. २०२२ साली लखनौस एका वृद्ध बाईचा तिच्या स्वतःच्या घरात पाळलेल्या पिटबुलने जीव घेतला. त्याच वर्षी गाझियाबादच्या महानगरपालिकेने काही जाती पाळण्यावर बंदी घातली. २०२४ साली गोव्यात हणजूणला सात वर्षांचे एक लेकरू अशाच कुत्र्याच्या हल्ल्यात गेले, आणि पुढे गोवा सरकारने अशा जातींना आळा घालण्यासाठी कायदा करण्याचे पाऊल उचलले. तेव्हा आज ना उद्या आमच्याही गावच्या सभेत हा ठराव येईल. तो आला म्हणजे हात वर करावा की नाही, याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

आता आमच्या मुलखाकडे पाहू. मराठवाड्याला कुत्रा काही नवा नाही. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. लांब पाय, आत गेलेले पोट, निमुळते तोंड आणि वाऱ्यासारखी धाव, अशी ही जात. कारवाँ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, त्यावरून कारवानी. आणि अंगावर मऊ लांब केस म्हणून पश्मी. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार तर असतोच, पण घोड्याकोंबड्यांच्या जोडीने कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे. माहूरच्या दत्तप्रभूंच्या भोवती चार कुत्रे आहेत आणि भाविक त्यांना चार वेद मानतात. धनगराच्या वाड्याला राखण कुत्र्याची, शेतातल्या खळ्याला राखण कुत्र्याची. असा हा आमचा जुना सोबती.

पण गेल्या काही वर्षांत शहरांच्या कडेला, हमरस्त्याच्या बाजूला, शेतातल्या बंगल्यांवर वेगळे कुत्रे दिसू लागले आहेत. त्यांना आणणाऱ्याला राखण हवीच असते असे नाही. पुष्कळदा त्याला दरारा हवा असतो. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावली की आपली प्रतिष्ठा वाढली असे त्याला वाटते. जे कुत्रे चारचौघांना भिववील तेच त्याला आवडते, आणि त्यासाठी तो हजारो रुपये मोजतो. गोष्ट इथूनच बिघडते.

या प्रश्नावर लोकांचे दोन पक्ष पडतात, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीने धर्माचाच आधार घेतात.

पहिला पक्ष म्हणतो, सर्वाभूती भगवंत आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाची समदृष्टी सांगताना गाय आणि हत्ती यांच्याबरोबर कुत्र्याचेही नाव घेतले आहे. आमच्या नामदेवरायांची कथा तर पोराबाळांनाही पाठ आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, आणि नामदेवराय हाती तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. नामदेवरायांचे नरसी गाव इथून दूर नाही, हिंगोली जिल्ह्यात आहे. ज्यांच्या मातीत ही कथा रुजली त्या लोकांनी कुत्र्यावर बंदी घालावी काय, असा या पक्षाचा सवाल आहे.

ही कथा आम्हांलाही शिरोधार्य आहे. पण कथा नीट ऐकली पाहिजे. कुत्र्याने नेली ती भाकरी कोणाची होती? नामदेवरायांची स्वतःची. तूप कोणाचे होते? तेही त्यांचेच. त्यांनी आपल्या ताटातले दिले. शेजाऱ्याची भाकरी कुत्र्याने न्यावी आणि आपण लांबून समदृष्टीचे कीर्तन करावे, अशी ती कथा नाही. दया करायची ती आपल्या खर्चाने. फाटकाच्या आत कुत्रे आपले, हौस आपली, आणि चावा मात्र बाहेरून येणाऱ्याला. याला भूतदया म्हणणे म्हणजे शब्दाची विटंबना आहे. आपली भाकरी खुशाल द्यावी. दुसऱ्याचे लेकरू देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आणि हा चावा बसतो कोणाला, हेही पाहा. बंगल्याच्या मालकाला भेटायला येणारे बडे पाहुणे मोटारीतून उतरतात, तेव्हा कुत्रे आधीच बांधलेले असते. चावा बसतो तो दूध घालणाऱ्याला, टपाल आणणाऱ्याला, फडावर जाणाऱ्या ऊसतोडणीच्या बाईला, वीटभट्टीवरून पायी शाळेला निघालेल्या पोराला. ती बाई फाटकापाशी थबकून म्हणते, "मालक, कुत्रं धरा की वो." आणि आतून उत्तर येते, "काय करत न्हाई ते, ये तू." हे 'काही करत नाही' आमच्या वाचकांनी किती वेळा ऐकले असेल! कुत्रे धन्याला काही करत नाही हे खरे. त्याचा भरवसा धन्याला आहे, पण त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. एकाच्या वैभवाला राखण मिळावी म्हणून दहा गरिबांनी रोज भीत भीत वाट चालावी, ही गोष्ट कोणत्याही समदृष्टीत बसत नाही. समदृष्टी म्हणायची तर त्या बाईच्या जिवाकडेही तितक्याच प्रेमाने पाहिले पाहिजे. सर्वांना सारखे मानणे म्हणजे सर्वांशी सारखेच वागणे नव्हे. वाघातही भगवंत आहे, म्हणून कोणी त्याला घरात नेऊन बाळाच्या पाळण्याशेजारी बांधीत नाही.

हे ऐकून दुसरा पक्ष खूश होईल. तो म्हणतो, मग घाला बंदी! खाण तशी माती. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. जी जातच चावरी, तिचे बीजच नको.

या बोलण्यात थोडे तथ्य आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आमचा शेतकरी देवणी गाय घेताना आणि लाल कंधारी बैल पारखताना जात पाहतोच. देवणी ही लातूरकडची, लाल कंधारी ही नांदेडकडची. दोहोंचे गुण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पक्के केलेले. कुत्र्यांचेही तसेच आहे. इंग्लंडात पूर्वी बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले. १८३५ साली तिथल्या कायद्याने तो बंद झाला, तेव्हा शौकिनांनी कुत्र्याला कुत्र्याशी लढवायला घेतले. इंग्रजीत पिट म्हणजे खड्डा. खड्ड्यात उतरवून झुंजवायची ती कुत्री, त्यांचे ते नाव. जे कुत्रे धरलेले सोडीत नाही त्याचीच पुढे पैदास करायची, असे किती पिढ्या केल्यावर ती जात झाली. तेव्हा तिच्या जबड्यात जोर आहे आणि ती एकदा धरली की सोडीत नाही, हे म्हणणे केवळ अफवा नाही. गावठी कुत्रे चावून पळते. असले थोराड कुत्रे धरले म्हणजे जिवावर बेतते.

पण याच इतिहासातून दुसरीही एक गोष्ट निघते. हा स्वभाव त्या जनावराने मागून घेतलेला नाही. तो माणसाने आपल्या करमणुकीसाठी त्याच्यात पेरला. रॉटवायलर हे कुत्रे तर जर्मनीतील रॉटवाइल गावच्या खाटकांचे. ते गुरे हाकी आणि मांसाच्या गाड्या ओढी. त्याच कुत्र्याला माणसाने अंधाऱ्या खोलीत कोंडले, डिवचले, उपाशी ठेवले, आणि मग म्हटले की पाहा, जातच वाईट! बी आपण पेरायचे, खतपाणी आपण घालायचे, आणि पीक आले की शेताला शिव्या द्यायच्या, असा हा न्याय झाला.

इथे महाभारताच्या आदिपर्वातली एक कथा आठवते. जनमेजय राजा कुरुक्षेत्रावर सत्र करीत होता. तिथे एक कुत्र्याचे पिल्लू आले. राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे गेले. आईने आधी काय विचारले? तू काही अपराध केलास काय? पिल्लू म्हणाले, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे तर दूरच. मग सरमा सत्रात गेली आणि जाब विचारला, की अपराध नसता माझ्या मुलाला का मारले? भावांना उत्तर देता आले नाही. तेव्हा तिने शाप दिला, की तुमच्यावर अचानक, न दिसणारे भय येईल. कुत्रीसुद्धा आधी आपल्या पोराचा अपराध तपासते आणि मगच न्याय मागते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

याच जनमेजयाने पुढे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. तक्षकाने बापाला, परीक्षिताला दंश केला, म्हणून त्याने सर्पसत्र मांडले. अपराध एका तक्षकाचा, आणि अग्नीत पडू लागले सगळे सर्प. ज्यांनी आयुष्यात कोणाला फणासुद्धा दाखवली नाही तेही. शेवटी आस्तिक मुनींनी ते सत्र थांबवले. तक्षकाचा दंश खोटा होता असे आस्तिकांनी म्हटलेले नाही. बापाचे दुःखही खोटे नव्हते. पण एकाच्या विषासाठी कुळाचे कुळ जाळणे हा न्याय नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे. चावणाऱ्या कुत्र्यामुळे ज्याचे पोर गेले त्या बापाचा संताप आम्हांला कळतो. त्या संतापापुढे कोणाचेही डोके खाली झुकावे. पण कायदा संतापातून केला तर तो सर्पसत्रासारखा होतो.

आणि जातीवरून दोष ठरवण्याची सवय एकदा लागली की ती कुत्र्यांपाशी थांबत नाही, हे आमच्या इतक्या कोणाला कळणार? माणसाला आणि कुत्र्याला एका तराजूत घालण्याचा आमचा विचार नाही. तसे करणे पाप होईल. पण सवय ही सवय असते. चोखोबारायांना देवाच्या दाराबाहेर उभे केले ते त्यांच्या कोणत्या करणीमुळे? केवळ जन्मामुळे. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरीत उपोषण करावे लागले. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पाळण्यातले मूलही गुन्हेगार! तो कायदा १९५२ साली मोडीत निघाला, पण त्या शिक्क्याचा डाग आमच्या मराठवाड्यातल्या पालांवरून अजून पुरता गेलेला नाही. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांनी 'जातच तसली' हे दोन शब्द तोंडातून काढताना जरा थांबले पाहिजे.

धर्माची गोष्ट घटकाभर बाजूला ठेवली आणि केवळ व्यवहार पाहिला, तरी जातीवरची बंदी फारशी कामाची ठरलेली दिसत नाही. ब्रिटनने १९९१ साली कायदा करून चार जातींवर बंदी घातली. तरी कुत्र्यांच्या चाव्याने माणसे मरण्याचे थांबले नाही. उलट शौकिनांनी नवी थोराड जात तयार केली, आणि २०२३ साली एक्सएल बुली हे पाचवे नाव त्या यादीत घालावे लागले. हॉलंडने १९९३ साली पिटबुलवर कायदा केला आणि पंधरा वर्षांनी मागे घेतला, कारण चावे काही कमी झाले नाहीत. इटलीने २००९ साली जातींची यादीच काढून टाकली आणि सारा भार पाळणाऱ्यावर टाकला. आपल्याकडच्या २०२४ च्या यादीत तर एकच जपानी टोसा दोन नावांनी दोनदा आला होता, आणि टेरियर म्हणून सरसकट एक शब्द घातला होता, की ज्यात मांडीवर बसणारी वीतभर कुत्रीही यावीत. साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात ते हेच.

शिवाय मिश्र पैदाशीच्या कुत्र्याची जात सांगणार कोण? माणूस डोळ्याने पाहून अंदाज करणार. मग ज्याच्या ओळखी आहेत त्याचे कुत्रे लॅब्रॅडॉर ठरेल आणि ज्याच्या नाहीत त्याचे गावठी कुत्रेही पिटबुल ठरेल. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ती सोय होईल. आणखी एक धोका सांगतो. बंदीची नुसती हूल उठली तरी काही लोक दंडाच्या भीतीने कुत्रे रात्री गाडीत घालून दूर माळावर सोडून देतात. कालपर्यंत गादीवर झोपलेले ते जनावर भुकेने आणि भयाने वेडेपिसे होते. फाटकाच्या आतला धोका असा वाटेवर येतो. कायद्याने जे टाळायचे तेच त्याने घडते.

मग करावे काय? काहीच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की कायद्याचे बोट कुत्र्याच्या जातीकडे न राहता धन्याकडे वळावे. आणि असा कायदा मुळातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम सांगते, की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका पोचू नये म्हणून जो पुरेशी काळजी घेत नाही, त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा व्हाव्या. त्यात जनावराच्या जातीचे नाव नाही. धन्याच्या हयगयीचे आहे. कुत्र्याची नोंद आणि परवाना ही व्यवस्थाही महानगरपालिकांच्या कायद्यात जुनीच आहे. १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा कुत्र्यांच्या झुंजी लावण्याला आणि कुत्र्याला फिरवणे-खेळवणे न करता कायम साखळीला जखडून ठेवण्याला गुन्हा म्हणतो. सदा बांधलेले कुत्रेच पुढे चावरे होते, हे खेड्यातल्या कोणाही जाणत्याला विचारा. म्हणजे एका कायद्याने कुत्र्याचे रक्षण होते आणि त्यातच माणसाचेही होते.

कमी आहे ती अंमलाची. म्हणून गावच्या सभेत ठराव यायचाच असेल, तर तो असा यावा असे आम्हांस वाटते. पहिली गोष्ट, ज्याच्या दारी कुत्रे आहे त्याने त्याची नोंद करावी आणि दरसाल पिसाळ रोगाची लस टोचून दाखला ठेवावा. दुसरी, मोठ्या ताकदीचे कुत्रे रस्त्यावर काढायचे तर पट्टा हातात, मुसके तोंडाला, आणि पट्टा धरणारा जाणता माणूस. दहा वर्षांच्या पोराच्या हाती ते देऊ नये. तिसरी, झुंजीसाठी किंवा दराऱ्यासाठी केलेल्या जातींची पैदास आणि विक्री हा धंदा बंद करावा. जन्मलेल्याला जगू द्यावे, पण भय विकून पैसा मिळवण्यासाठी नवे जन्म घडवू नयेत. यात कोणा जीवाचा दोष काढलेला नाही. माणसाच्या लोभाला वेसण घातली आहे. चौथी, कुत्रे चावले तर जखमी माणसाच्या दवापाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च धन्याने भरावा, आणि त्यासाठी त्या गरिबाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावू नयेत. पाचवी, ज्याची हयगय शाबीत झाली त्याला पुन्हा कुत्रे पाळण्याचा परवाना मिळू नये. मग तो पिटबुल पाळो की कारवानी.

इथे कठीण प्रश्न उरतो तो एकच. ज्या कुत्र्याने माणसाचा जीव घेतला त्याचे काय? त्याचा दोष नाही म्हणून त्याला पुन्हा वस्तीत सोडावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. सोडू नये. त्याला माणसांपासून कायमचे दूर ठेवावे, आणि तेही शक्य नसेल तर पशुवैद्याच्या हातून, वेदना न देता, त्याचा शेवट करावा. हे करताना सूड घेतल्याचे समाधान मानू नये. जे एका माणसाच्या हौसेने आणि हयगयीने बिघडले त्याचा भोग त्या मुक्या जनावराला भोगावा लागतो आहे, याची लाज वाटावी. आपल्याला अपराधाचा विचार करून एका जीवाबद्दल असा निर्णय घेता येतो. जातीचा विचार करून हजारांबद्दल तो घेता येत नाही.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न याहून निराळा आहे. त्यावर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात बराच खल झाला. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली मोकाट कुत्री हलवावीत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत असा हुकूमही निघाला. त्याचा विचार स्वतंत्र लेखात करू. पण वारकऱ्यांनी दोन गोष्टी आजच ध्यानात ठेवाव्यात. आपल्या दिंड्या अनोळखी गावांतून पहाटे अंधारात निघतात. कुत्रे भुंकत आले तर पळू नये, दगड उचलू नये. टाळ खाली धरून सावकाश पुढे चालावे आणि लहान पोरे मध्ये घ्यावीत. आणि कोणत्याही कुत्र्याचा दात लागला, मग ते कितीही खानदानी असो, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, मिरची, तंबाखू काही लावू नये. तसेच थेट सरकारी दवाखाना गाठावा, सांगितलेल्या दिवशी सगळ्या सुया पुऱ्या कराव्या. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे पिसाळ रोगाने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांपैकी पुष्कळ मरणे आपल्या देशात होतात. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मग उपाय चालत नाही. मंत्रतंत्र आणि उतारे करीत घालवलेला एक दिवसही जिवावर उठतो. देवावर भार टाकणे म्हणजे सुई चुकवणे नव्हे.

आता मूळ मुद्द्यावर येऊन लेख पुरा करतो. कुत्र्याला विवेक नाही, म्हणून त्याला पाप नाही आणि पुण्यही नाही. विवेक माणसाला दिला आहे, म्हणून ज्याच्या हाती साखळीचे टोक, त्याच्याच माथी हिशेब. जनावर पाळणे हा शब्द आपल्या भाषेत किती चांगला आहे! पाळणे म्हणजे सांभाळणे. वचन पाळतात, व्रत पाळतात, एकादशी पाळतात, तसेच जनावर पाळतात. एकादशी धरली की तिचे नियम आले. मग कुत्रे पाळले की त्याचे नियम येऊ नयेत काय? ज्याला ते नियम झेपत नाहीत त्याने ते व्रत धरू नये. कोणतेही कुत्रे आणण्याआधी माणसाने आपल्या मनाला एवढेच विचारावे, की याच्यामुळे माझ्या दारावरून जाणाऱ्या परक्या लेकराचे पाऊल अडेल काय? उत्तर 'होय' असे आले, तर आणू नये. आणि आणलेच, तर त्या लेकराचा भार आपल्या माथी घेऊन ते सांभाळावे.